काशीला जायचंय? आई-बाबांना घेऊन वाराणसीला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मी चार वेळा काशीला जाऊन आले, त्यातल्या दोन वेळा आई-बाबांना घेऊन. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आहे. त्यामुळे ओळखीतलं कोणी निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलंय. एकटे किंवा मित्रांबरोबर जाणार असाल तरी उपयोगी पडेल, पण मी हे मुख्यतः म्हाताऱ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. कारण काशीत दमवतात त्या पायऱ्या, आणि सगळं प्लॅनिंग त्या पायऱ्यांच्या हिशोबाने केलं तर ट्रिप छान होते.

किती दिवस ठेवावेत?

चार रात्री. लोक दोन दिवसांत काशी, एका दिवसात प्रयाग आणि उरलेल्या वेळात अयोध्या असं करतात आणि घरी येऊन आठवडाभर झोपतात, प्लीज असं करू नका. एक दिवस विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि कालभैरव, एक दिवस नावेतून घाट आणि पंचगंगा घाटाकडची बाजू, एक दिवस सारनाथ, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. तो मोकळा दिवस काढू नका, आमच्या आईला सगळ्यात जास्त तोच लक्षात राहिलाय. सकाळी घाटावर बसली ती साडेनऊपर्यंत उठायलाच तयार नव्हती.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत थंडी आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जास्त असते आणि धुकं पडलं की गाड्या कित्येक तास लेट होतात, विमानं कॅन्सल होतात, पहाटेच्या नावेतून पलीकडचं काही दिसत नाही. एप्रिलपासून ऊन वाढतं, मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ज्येष्ठांना अजिबात नेऊ नका. पावसाळ्यात गंगा चढते आणि खालचे घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर खालून चालता येत नाही, नावाही बंद ठेवतात, आरती वर सरकते. पाहायला ते रूपही जबरदस्त असतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नाही.

श्रावणात गर्दी असते म्हणून आम्ही श्रावण टाळतोय, बरोबर ना?

टाळा, पण त्यांचा श्रावण टाळा! इथे आपली खूप माणसं फसतात. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला संपतो. म्हणजे आपल्या कॅलेंडरवर आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो तेव्हा तिकडे ‘सावन’ सुरू झालेला असतो, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून. माझी मावशी ‘श्रावणाच्या आधी उरकून येऊ’ म्हणून गेली आणि बरोब्बर सावनच्या सोमवारी, कावडवाल्यांच्या रांगेत सापडली. महाशिवरात्र, देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, आणि १ जानेवारीच्या आसपासचे दिवस यातही प्रचंड गर्दी असते. देवदिवाळीला सगळे घाट पणत्यांनी उजळतात, ते आयुष्यात एकदा बघावंच, फक्त खोली कित्येक महिने आधी बुक करा आणि त्या संध्याकाळी ज्येष्ठांना घाटावर न नेता एखाद्या गच्चीवर बसवा.

महाराष्ट्रातून ट्रेनने कसं जायचं?

मुंबईहून महानगरी आणि कामायनी या जुन्या नेहमीच्या गाड्या. साधारण एक दिवस आणि वर काही तास लागतात. महानगरीचं तिकीट काढताना एक काळजी घ्या, ती सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे १५ तारखेचं तिकीट असेल तर तुम्हाला १४ च्या रात्री जेवून स्टेशनवर जायचंय. दरवर्षी कोणीतरी १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोचतं आणि गाडी तोपर्यंत कधीच निघून गेलेली असते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, ज्येष्ठांसाठी लोअर बर्थ हवा असेल तर पहिल्याच दिवशी काढा.

वाराणसीत स्टेशनं किती आहेत? आम्ही कुठे उतरायचं?

वाराणसी जंक्शन म्हणजे ज्याला तिथले लोक ‘कँट’ म्हणतात, ते मुख्य. ‘बनारस’ हे वेगळं स्टेशन आहे, पूर्वीचं मंडुआडीह, आणि वाराणसी सिटी तिसरं. शिवाय गंगेच्या पलीकडे पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन, म्हणजे आपलं जुनं मुगलसराय, तिथून शहर साधारण सोळा-सतरा किलोमीटर. तिकिटावरचं नाव नीट वाचा आणि गाडी पाठवणाऱ्यालाही तेच नाव सांगा. विमानतळ बाबतपूरला आहे, घाटापासून पंचवीस-एक किलोमीटर, पण ट्रॅफिकमुळे परतीच्या दिवशी दीड तास तरी हातात ठेवा.

राहायचं कुठे? घाटावर की स्टेशनजवळ?

तीन पर्याय आहेत. कँटजवळ लिफ्टवाली हॉटेलं मिळतात पण रोज देवळापर्यंत जा-ये करण्यात जीव जातो. गोदौलिया-दशाश्वमेधच्या भागात देऊळ अगदी जवळ, पण गोदौलिया चौकाच्या पुढे गाडी सहसा जाऊ देत नाहीत. अस्सी घाटाची बाजू जरा मोकळी, शांत, गाडी बऱ्यापैकी जवळ येते, मला ज्येष्ठांसाठी तीच आवडते.

‘गंगा व्ह्यू’ या शब्दावर जाऊ नका. पहिल्या वेळी मी फोटो बघून घाटाजवळचं एक गेस्टहाऊस बुक केलं, फोटोत खिडकीतून गंगा दिसत होती, अगदी खरी दिसत होती. तिथे पोचल्यावर कळलं की रिक्षा जिथे थांबते तिथून बोळांतून दहा मिनिटं चालायचं, मग खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की एक पाय ठेवला की दुसऱ्याला जागा नाही, वर धरायला कठड्याऐवजी दोर. आई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, मी आता उद्यापर्यंत खाली येणार नाही. त्या दिवशीची आरती आमची हुकली. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारते: गाडी दारापासून किती पावलांवर थांबते, आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का. उत्तर गोलमोल आलं तर तिथे जायचं नाही.

काशी विश्वनाथाचं दर्शन कसं घ्यायचं? फोन नेता येतो का?

नाही. मोबाईल, स्मार्ट वॉच, बॅग, पेन, इयरफोन, काहीच आत नेता येत नाही. लॉकर आहेत, पण सोपं म्हणजे सगळं हॉटेलवरच ठेवून जायचं, फक्त थोडे पैसे आणि आधार कार्ड जवळ ठेवायचं. फोन नसल्यामुळे आत चुकामूक होते, म्हणून कुठल्या गेटवर भेटायचं ते आधी ठरवा आणि ज्येष्ठांच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ही चिठ्ठी मी आता सगळ्यांना सक्तीने द्यायला लावते.

सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून कमी रांगेत दर्शन घ्यायचं तिकीट देवस्थानच्या अधिकृत वेबसाइटवर मिळतं, मंगला आरतीचंही तिथेच. गल्लीत ‘व्हीआयपी दर्शन करवून देतो’ म्हणत कोणी मागे लागलं तर सरळ पुढे चालायचं. मंगला आरती पहाटे तीनच्या सुमाराला असते आणि त्याआधी रिपोर्ट करायचं असतं, म्हणजे रात्रीची झोप गेलीच, तेव्हा बीपी-शुगरवाल्यांना विचार करूनच न्या. नुसतं दर्शन हवं असेल तर अगदी पहाटे किंवा दुपारी जेवणाच्या वेळेला जा, सोमवार टाळा. चालता येत नसेल तर व्हीलचेअरबद्दल गेटवरच विचारा.

डिसेंबर २०२१ मध्ये नवा कॉरिडॉर झाल्यापासून थेट गंगेकडून, ललिता घाटावरूनही देवळात जाता येतं. त्या आवारात अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. औरंगजेबाने १६६९ मध्ये देऊळ पाडलं, त्यानंतर आज आपण ज्या देवळात जातो ते अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, शिखरावरचं सोनं नंतर पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलं. बाबा त्या पुतळ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि मागून एक यूपीचे आजोबा आले, त्यांनीही तसेच हात जोडले.

नाव किती वाजता घ्यावी? भाव कसा ठरवायचा?

सूर्योदयाच्या आधी अर्धा तास घाटावर पोचा. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत, त्यामुळे सूर्य बरोब्बर समोर, पलीकडच्या वाळूवरून उगवतो आणि सगळे घाट एकदम उजेडात येतात. अस्सीला असाल तर आधी पहाटेची आरती बघा, ‘सुबह-ए-बनारस’ म्हणतात, शास्त्रीय गाणंही असतं, गर्दी कमी असते, आणि ज्येष्ठांना संध्याकाळच्या आरतीपेक्षा हीच जास्त झेपते.

भाव नावेत बसायच्या आधी ठरवा आणि तीन गोष्टी स्पष्ट बोला: कुठपासून कुठपर्यंत, किती वेळ, आणि पैसे पूर्ण नावेचे की माणशी. आमच्याकडून एकदा हे राहिलं आणि उतरताना सांगितलेला आकडा ‘पर हेड’ निघाला. ८४ घाट आहेत म्हणतात, पण सगळे बघायची गरज नाही, अस्सी ते पंचगंगा पुरे. मोटरच्या नावेपेक्षा वल्ह्याची घ्या, थोडा वेळ लागतो पण पाण्याचा आवाज ऐकू येतो. लाइफ जॅकेट मागून घ्या. आणि एक आयडिया सांगते, गुडघे दुखणाऱ्यांनी एका घाटावरून दुसऱ्यावर नावेनेच जायचं, पायऱ्यांची चढ-उतर निम्म्याने कमी होते.

गंगा आरती बघायला सगळ्यात चांगली जागा कोणती?

दशाश्वमेधच्या समोर नावेत बसून. हिवाळ्यात साधारण सहा, उन्हाळ्यात सातच्या सुमाराला सुरू होते, पण जागा तासभर आधी धरावी लागते. संपल्यावर लगेच उठू नका, सगळा लोंढा एकदम गोदौलियाकडे निघतो. वीस मिनिटं बसून राहा.

काशीत मराठी लोकांचं काय काय आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि टूरवाले इथे अजिबात नेत नाहीत म्हणून मला फार वाईट वाटतं. नावेतून बघत गेलात तर निम्मा घाट आपलाच वाटेल. दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवला, शेजारी अहिल्याबाई घाट आहे, पुढे शिंद्यांचा सिंधिया घाट, नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट. सिंधिया घाटाजवळ ते पाण्यात कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बालाजी घाटावरच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून सनईचा रियाज करायचे.

मग पंचगंगा घाट. वर चढून गेलात की बिंदुमाधवाचं देऊळ, आताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, जुन्या देवळाच्या जागी औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद उभी आहे. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा सगळा जुना मराठी मोहल्ला. अजूनही काही घरांवर आपली आडनावं दिसतात. आम्ही बोळातून चाललो होतो, आईने मला मोठ्याने ‘अगं सावकाश, शेण आहे’ म्हटलं आणि वरच्या खिडकीतून एक आजी म्हणाल्या, ‘कुठून आलात?’ पाच मिनिटं खाली-वर बोलणं झालं, त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येमध्ये ‘हां तो’ येत होतं. त्यांच्या किती पिढ्या इथे झाल्या हे त्यांनाही मोजून सांगता येईना.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट काशीचे, पण घराणं मूळ पैठणचं. पैठणच्याच एकनाथ महाराजांनी भागवतावरची टीका काशीतच, १५७३ मध्ये पूर्ण केली. आणि झाशीची राणी इथलीच, तिचं लहानपणचं मणिकर्णिका हे नाव इथूनच आलं, अस्सीजवळ भदैनीला तिचं स्मारक आहे. रिक्षावाल्याला ‘रानी लक्ष्मीबाई जन्मस्थली’ सांगा. आमच्या भाच्यांना घाटांपेक्षा ते जास्त आवडलं.

श्राद्धविधी करायचेत. मराठी गुरुजी मिळतात का?

मिळतात. पण स्टेशनवर किंवा घाटावर जो पहिला हात धरेल त्याच्याबरोबर जाऊ नका. निघायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्या गावचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थातले गुरुजी, कोण होते, बऱ्याच घराण्यांचे पूर्वापार ठरलेले असतात आणि त्यांच्या वह्यांमध्ये आधी येऊन गेलेल्यांची नावं, गावं लिहिलेली सापडतात. बाबांना त्यांच्या आजोबांची सही सापडली, मोडीत, शाई फिकट पिवळी झालेली. ते बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते. विधी कोणता, सामान कोणाचं आणि दक्षिणा एकूण किती, हे फोनवरच ठरवून घ्या. मध्येच ‘गोदानाचे वेगळे’ असं ऐकावं लागत नाही.

मणिकर्णिका घाटावर जावं का?

जावं, ज्याला जावंसं वाटतं त्याने. तिथे चिता रात्रंदिवस जळत असतात. फोटो, व्हिडिओ काहीही काढायचं नाही, लांबून झूम करूनही नाही, ते कोणाचे तरी आई-वडील असतात. तिथे एखादा माणूस येऊन सगळी माहिती देतो, वरच्या गच्चीवर नेतो आणि मग गरिबांच्या लाकडांसाठी म्हणून पैसे मागतो, मोठी रक्कम मागतो आणि नाही म्हटलं की आवाज चढवतो. माझ्याकडून एकदा असेच घेतले. सुरुवातीलाच हात जोडून ‘नहीं भैया, जरूरत नहीं’ म्हणा आणि थांबू नका. लहान मुलांना नावेतून जेवढं दिसतं तेवढं पुरे.

गंगेत स्नान सुरक्षित आहे का?

जिथे बाकीचे लोक स्नान करतायत तिथेच करा. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि कधीकधी पुढची पायरीच नसते. साखळी किंवा माणसाचा हात धरून दोन पायऱ्या, बस. साबण लावू नका. ज्यांना भीती वाटते त्यांनी तांब्याने अंगावर पाणी घेतलं तरी चालतं.

खायला काय? बाबांना तिखट चालत नाही.

सकाळी कचौरी-भाजी आणि जिलबी, ही आपल्या कचोरीसारखी नसते, पुरीसारखी असते. टमाटर चाट, कुल्हडमधली लस्सी, रात्री बाटी-चोखा, चोखा म्हणजे आपल्या भरताचा भाऊच. थंडीत गेलात तर मलइयो सोडू नका, दुधाचा केशरी फेस असतो, तोंडात ठेवला की नाहीसा होतो, फक्त हिवाळ्यात आणि सकाळीच मिळतो. थंडीत चूडा-मटरही मिळतो, पोहे आणि ताजा मटार, बाबांना तो रोज हवा होता. ठंडाई घेताना ‘बिना भांग’ असं स्पष्ट सांगा, दोनदा सांगा. पाणी बाटलीबंद घ्या. आणि पान खायचंच.

बनारसी साडी खरी आहे हे कसं ओळखायचं?

रिक्षावाला किंवा गाईड नेईल त्या दुकानात घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. साडी उलटी करून बघा. मागच्या बाजूला बुट्टीचे धागे दिसायला हवेत, आणि हातमागाची असेल तर काठाच्या कडेला बारीक टाचणीची भोकं दिसतात, विणताना कापड ताणून धरलेलं असतं त्याची. सिल्क मार्कचं लेबल मागा. ‘आज शेवटचा पीस’ ऐकलं की चहा घ्यायला बाहेर पडा.

सारनाथला किती वेळ लागतो?

अर्धा दिवस, शहरापासून दहाएक किलोमीटर. शुक्रवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं, आणि आपल्या राजमुद्रेचे मूळ सिंह तिथेच आहेत. धामेक स्तूपाभोवती मोकळी हिरवळ आहे, सपाट रस्ता आहे, पाय दुखणाऱ्यांना तिथे फार बरं वाटतं.

प्रयाग आणि गया पण करायचंय.

त्रिस्थळी करायची तर आठ-नऊ दिवस ठेवा. प्रयाग साधारण सव्वाशे किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. आपल्याकडच्या जोडप्यांना वेणीदान करायचं असेल तर आदल्या दिवशी गुरुजी ठरवून ठेवा, नवऱ्याने बायकोची वेणी घालून टोक कापायचं असतं, घाईत करण्याचं काम नाही ते. गया अडीचशे किलोमीटर, तिथे मुक्कामच करा.

माकडं, बैल, गर्दी... बोळांत भीती वाटते.

बैल समोर आला की ओट्यावर चढून त्याला जाऊ द्यायचं, तो त्याच्या वाटेने जातो. माकडं चष्मा आणि प्रसादाची पिशवी उचलतात, संकटमोचन मारुतीच्या देवळात विशेष सांभाळा. मागून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की भिंतीला टेकून वाट द्या. बोळात रस्ता चुकलात तर ‘गंगाजी किधर?’ विचारायचं, कोणीही सांगतं.

गंगेचा गडू विमानातून आणता येतो का?

चेक-इन बॅगेत ठेवा, केबिन बॅगेत नको. झाळलेला तांब्याचा गडू घेताना उलटा करून पाच मिनिटं रुमालावर ठेवून बघा, गळका असेल तर तिथेच कळतं. आमचा एक नागपूरपर्यंत येईस्तोवर निम्मा साड्यांनी प्यायला होता. मावंद्याला, म्हणजे यात्रेहून आल्यावरच्या जेवणाला, जितक्या घरांत द्यायचे तितके मोजून, वर दोन जास्त आणा, कोणीतरी हमखास मागतं.

काशीला जाऊन काहीतरी सोडायचं असतं ना?

हो, आवडतं एखादं फळ किंवा भाजी सोडतात, पुन्हा खायची नाही. कोणी जबरदस्ती करत नाही. गंगेत उभं राहून घाईघाईत ठरवू नका, कारण मग घरच्या सगळ्यांना ते लक्षात ठेवावं लागतं. आईने सीताफळ सोडलं. बाबांनी फणस सोडला, आणि आता कोकणातून फणस आला की ते स्वतः तेल लावून सगळे गरे काढून देतात, शेजारच्यांनाही नेऊन देतात, आणि हात धुऊन येऊन विचारतात, गोड होता का.